निमलनचा पत्ता

अक्का, या आठवड्याची केअरवोखं तुमची होती. जिना झाडून पुसायची पाळी ज्या घरावर, त्या घराच्या दाराला ती लाकडी पाटी लटकते. रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी ती सवयीनं तुमच्या दाराला अडकवली. आत कुणी नाही हे त्यांना ठाऊक आहे, तुमच्या अंत्यविधीला त्या आल्या होत्या. पण जर्मनीतल्या या त्सुफेनहाउझेनमध्ये पाळी म्हणजे पाळी, माणूस गेलं तरी चुकत नाही. मला ती पाटी काढायचा धीर झाला नाही. बादली घेऊन खाली उतरलो आणि तुमच्या वाटचा जिना पुसला. पुसता पुसता एकदम इतकं भरून आलं की मधल्याच पायरीवर बसून राहिलो. वरून सानिकानं विचारलं, "पापा, वास माख्स्ट डू डा?" तिथे मी काय करत होतो ते लेकीला काय सांगणार. म्हटलं, पाय घसरला.

तुम्हाला जाऊन चार आठवडे झाले. परवा अठरा मे होऊन गेला, तुमच्याशिवायचा पहिला. त्या दिवशी जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. आपण दोघं जर्मनमध्ये बोलायचो, 'डू' म्हणजे 'तू' म्हणत, अगदी बरोबरीनं. मराठीत लिहिताना मात्र हात 'तुम्ही'च लिहितो. राहू दे.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. नऊ वर्षांपूर्वी मी, बायको केतकी आणि दोन वर्षांची सानिका पुण्याहून इथे आलो आणि पहिल्याच पाळीला मी जिन्यावरून कोरडा झाडू फिरवून मोकळा झालो. दहा मिनिटांत बेल वाजली. दारात तुम्ही, स्वेटरच्या बाह्या वर सारलेल्या, हातात फडकं.

"कोपरे कोण पुसणार?"

"पुढच्या वेळी पुसतो," मी म्हटलं.

"पुढच्या वेळी माझी पाळी आहे," असं म्हणून तुम्ही मला खाली नेलंत आणि एकेका पायरीचा कोपरा दाखवलात. श्रीलंकेच्या उत्तरेकडच्या एका तमिळ बाईनं पुण्याच्या माणसाला श्वाबियाची, म्हणजे या जर्मन मुलखाची, शिस्त शिकवावी, याचं केतकीला इतकं हसू आलं की तिनं त्याच संध्याकाळी तुम्हाला चहाला बोलावलं. महिनाभरात तुम्ही मला तंबी म्हणायला लागलात, म्हणजे धाकटा भाऊ. मी तुम्हाला अक्का म्हणायला लागलो, तो शब्द तर आमच्याकडेही आहेच. सानिका ओमा म्हणायची. तिच्या बालवाडीत सगळ्यांच्या आज्या जवळपास राहत आणि हिच्या दोघी पुण्यात, तेव्हा हिनं तुमची नेमणूक करून टाकली.

तुमच्याकडे शिस्त होती, तर माझ्याकडे फॉर्म होते. बढाई नाही, पण जर्मन कचेरीचा फॉर्म भरण्यात माझा हात धरणारा आमच्या गल्लीत कुणी नव्हता. कुणाचा व्हिसा, कुणाचं घरभाडं, कुणाच्या मुलाची शाळा, सगळे कागद माझ्या जेवणाच्या टेबलावर यायचे. मला त्याचा अभिमान होता. थोडा माज होता म्हटलं तरी चालेल. कोणता रकाना महत्त्वाचा, कुठे काय लिहिलं की साहेब पुढचा प्रश्न विचारत नाही, हे मला बरोबर कळायचं.

पहिल्या वर्षीचा अठरा मे आठवतो? तुम्ही दुपारी स्टीलचा डबा घेऊन वर आलात. आत पांढरीशुभ्र पातळ पेज. मला कोण आनंद झाला. किती वर्षांत खाल्ली नव्हती. मी ती वाटीत ओतली, वर तुपाची धार, चमचाभर मेतकूट, चिमूटभर मीठ, बाजूला लिंबाचं लोणचं, आणि तुमच्यासमोर भुरके मारत म्हणालो, "वा अक्का, झकास! फक्त मीठ घालायला विसरलात."

तुम्ही खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होतात. म्हणालात, "विसरले नाही. तिथे नव्हतं."

मग तुम्ही सांगितलंत. यादवी युद्धाचे शेवटचे आठवडे. एकीकडे समुद्र, एकीकडे खाडी, मधली वाळूची पट्टी आणि त्यावर कोंडलेली माणसं. वरून तोफगोळे. रांगेत उभं राहिलं की वाटीभर पेज मिळायची, नुसता तांदूळ आणि पाणी, बऱ्याचदा तांदूळही नावाला. युद्ध संपलं म्हणून जाहीर झालं तो दिवस तुमचे लोक दर वर्षी पाळतात, जगात जिथे असतील तिथे. दिवे लावतात आणि तीच बेचव पेज पितात. त्याच सुमाराला तिकडे विजयाचे सोहळे होतात. "युद्ध संपल्याचा दिवस," तुम्ही म्हणालात. "कुणाचं संपलं ते त्यांनाच विचार."

मी समोर मेतकुटानं पिवळी झालेली वाटी घेऊन बसलो होतो. ती संपवायची की ठेवायची, कळेना. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "खा रे तंबी. तूप घातलंस तर घातलंस. अन्न आहे." इतकी मोठी चूक तुम्ही एका वाक्यात माफ केलीत, म्हणून मला वाटत राहिलं की तुमच्याकडे सगळंच माफ होतं.

पुढच्या वर्षापासून मी तुमच्याबरोबर जायला लागलो. शहराच्या मधल्या चौकात, सकाळपासून. तुम्ही मोठ्या पातेल्यात पेज ढवळायचात, मी कागदी पेले मांडायचो. मग फोटोंसमोर दिवे लागायचे. तुमच्या यजमानांचा दिवा तुम्ही स्वतः लावायचात. ते गोळ्यानं गेले होते, तुमच्या डोळ्यांसमोर. पण निमलनचा फोटो तुम्ही कधी त्या टेबलावर ठेवला नाहीत. त्याचं नाव यादीत दिलं नाहीत. शेवटच्या दिवशी, एकोणीस वर्षांचा तुमचा मुलगा सैनिकांच्या टेबलापाशी नाव नोंदवून बसमध्ये चढला होता, चौकशीसाठी. ती बस गेली आणि पुढे काहीच कळलं नाही. इतर बाया आपापल्या मुलांचे दिवे लावायच्या तेव्हा तुम्ही पाठ फिरवून पातेलं घासत असायचात. तळाला काहीही लागलेलं नसायचं.

तुमच्या घरात मात्र निमलन मोठा होत होता. दर जानेवारीच्या सेलमध्ये तुम्ही त्याच्यासाठी एक शर्ट घ्यायचात. आधी मीडियम, मग लार्ज, आणि परवाच्या जानेवारीत एक्स्ट्रा लार्ज. मी चिडवलं, "काय हो अक्का, पोरगं सुटलंय वाटतं!" तुम्ही शर्टाची घडी घालता घालता माझ्या पोटाकडे नजर टाकलीत आणि म्हणालात, "पस्तिशीत सगळेच सुटतात." केस गेले असतील, असंही म्हणायचात, त्याच्या वडिलांचे लवकर गेले होते. केतकी हसायची. मीही हसायचो. पण मनात म्हणायचो, बिचारी, हिला कोण सांगणार. हे 'बिचारी' माझ्या मनात होतं ना, अक्का, तिथेच सगळं बिघडलं.

तुम्हाला जर्मन पासपोर्ट हवा होता. बाकीच्यांना तो युरोपभर हिंडायला हवा असतो. निर्वासिताच्या कागदावर माणसाला बहुतेक कुठेही जाता येतं, फक्त आपल्या घरी जाता येत नाही, आणि तुम्हाला नेमकं तिथेच जायचं होतं. निमलनचा फोटो घेऊन एकेका कचेरीच्या दारात उभं राहायचं होतं. नव्या देशाची नागरिक म्हणून, न घाबरता. त्यासाठी लागणाऱ्या नागरिकत्वाच्या परीक्षेची सानिका तुमची शिकवणी घ्यायची. ती पलंगावर आडवी पडून जर्मनीच्या राज्यघटनेवरचे प्रश्न विचारायची आणि तुम्ही भाजी चिरता चिरता उत्तरं द्यायचात. तुम्ही पास झालात तेव्हा तिनं मला सुनावलं की पापा, ओमाला झालं, तुला कधी होणार? मी अजून दिलेली नाही.

अर्ज अर्थातच मी भरला. त्यात मुलांचा रकाना होता. नाव, जन्मतारीख, सध्याचा पत्ता. निमलनच्या पत्त्यासमोर मी 'उनबेकान्ट' लिहिलं, माहीत नाही म्हणून. महिन्यानं कचेरीचं पत्र आलं, मुलाच्या पत्त्याचा खुलासा करावा. मी पुन्हा तेच लिहिलं, दोन ओळी वाढवून. पुन्हा पत्र आलं. मी वैतागलो. ऑफिसात प्रोजेक्ट अडकलेला, घरी सानिकाला ताप, आणि टेबलावर हे दुसरं पत्र. मला बरोबर माहीत होतं की कुठला शब्द लिहिला की साहेब पुढचा प्रश्न विचारणार नाही. मी 'फेरश्टोर्बन' लिहिलं. मृत. खाली सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी लावली आणि पान तुमच्यापुढे धरलं. तुम्ही न वाचता सही केलीत, कारण कागद माझ्या हातातून आला होता. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. मेलेल्या माणसाचा पत्ता कुणाला लागत नाही.

पासपोर्ट मिळाला त्या दिवशी तुम्ही केसरी रंगाचा शिरा केलात आणि मी सगळ्या कागदांच्या प्रती लावलेली जाडजूड फाईल तुम्हाला भेट दिली. पाठीवर छापील अक्षरांत तुमचं नाव, परमेश्वरी. चोरानं स्वतःच मुद्देमाल नेऊन द्यावा, तसं झालं ते. मला तेव्हा त्या शब्दाची आठवणसुद्धा नव्हती, हे आज लिहिताना मला स्वतःची लाज वाटते.

तुम्ही तिकीट काढलंत, मेच्या शेवटच्या आठवड्याचं. फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी निमलनच्या जन्मदाखल्याची प्रत शोधायला तुम्ही ती फाईल उघडलीत. सरकारी जर्मन तुम्हाला वाचता यायचं नाही, पण तो एक शब्द तुम्ही लांबूनही ओळखला असतात. बारा वर्षं तुम्ही वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम केलंत. रोज सकाळी तिथे यादी यायची, कुणाला साखर नको, कुणाला मऊ अन्न. एखाद्या नावापुढे तो शब्द असला की त्या दिवसापासून एक ताट कमी वाढायचं. तुम्हीच मला सांगितलं होतंत, की तसं झालं की तुम्ही मुद्दाम एक वाटी भरून जरा वेळ बाजूला ठेवायचात.

तुम्ही वर आलात. फाईल टेबलावर ठेवलीत, पान उघडलंत, त्या शब्दावर बोट ठेवलंत.

"हे अक्षर तुझं आहे."

"अहो अक्का, अर्ज अडला होता. दोन-दोन पत्रं आली होती."

"तू मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"गेनाऊ," तुम्ही म्हणालात. अगदी तेच. तेवढंच.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पाया पडायला हवं होतं. पण मला माझा अर्ज आठवत होता, त्या एका शब्दानं मंजूर झालेला, आणि समोरचं माणूस मला चुकीचं ठरवत होतं. मी म्हणालो, "अक्का, सोळा-सतरा वर्षं झाली. तुम्हीही मनातून जाणताच की."

केतकी स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, गप्प बस ना!"

तुमचा आवाज चढला नाही. "तू त्याला मेलेला पाहिलास?"

"नाही."

"मीपण नाही. मग आपल्या दोघांतलं कोण लिहिणार हे?" आणि पान मिटत, "मी तिथे जाऊन विचारणार, माझा मुलगा कुठे आहे. ते म्हणतील, बाई, तुमच्याच कागदात लिहिलंय. खाली सही तुमची आहे." मग तुम्ही मला म्हणालात, उद्याच्या उद्या कचेरीला लिहून दे की हे चुकलं. मी म्हणालो, लिहितो की, पण त्यानं काय होणार, फाईल तर कधीच बंद झालीय. तुम्ही फाईल उचललीत आणि गेलात. जिन्यावरची तुमची पावलं मी ऐकली. दार लागलं, तेही हळूच.

तुम्हाला वाटलं असेल मी लिहायला बसलोच नाही. बसलो होतो. दोन ओळी लिहिल्या. तिसऱ्या ओळीत 'माझी चूक झाली' असं लिहायचं होतं, तिथे अडलो. उद्या लिहू म्हणून झाकून ठेवलं. मग उद्या आणि परवा. मी अडून बसलो होतो, दुसरं काही नाही. तुम्ही एकदा येऊन पुन्हा विचारावं, अशी माझी इच्छा होती. तुम्ही कशाला विचारणार होतात.

पाडव्याला केतकीनं खाली श्रीखंड पाठवलं. डबा परत आला तेव्हा त्यात गरम डाळवडे होते. सानिका रोज शाळेतून तुमच्याकडेच यायची. घरात सगळ्यांशी तुमचं चालू होतं, एकट्या माझ्याशी नव्हतं. जिन्यात समोरासमोर आलो की तुम्ही बाजूला सरून म्हणायचात, "हालो, हेर माने." नऊ वर्षांत मी तुमच्या तोंडून माझं आडनाव ऐकलं नव्हतं. तुम्हाला ते येतं हेही मला माहीत नव्हतं.

एप्रिलमधल्या त्या शनिवारी सकाळी तुम्ही भाजी घेऊन येत होतात. बस-स्टॉपवरच्या बाकावर जरा टेकलात आणि उठला नाहीत. फोन मला आला. अडीअडचणीला कुणाला कळवायचं त्या चिठ्ठीवर माझा नंबर होता. तुमची चिठ्ठी ती, तुम्हाला बदलता आली असती. दोन महिने होते. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा नर्सनं विचारलं, आपण कोण, आणि मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या पिशवीत पालेभाजी होती. कुठली होती तेही मी बघितलं नाही, तशीच केतकीच्या हातात दिली.

अंत्यविधी झाला त्या संध्याकाळी मी ते पत्र दहा मिनिटांत पुरं केलं. माझी चूक झाली, मुलगा मृत नाही, बेपत्ता आहे, कृपया नोंद बदलावी. दहा मिनिटं लागली, अक्का. दोन महिने जे जमलं नाही त्याला. कचेरीचं उत्तर आलं, सभ्य भाषेत. अर्जदार व्यक्ती हयात नसल्यामुळे नोंदीत बदल करण्याचं प्रयोजन उरत नाही. त्यांचं काही चुकलं नाही. घरमालकाला जागा रिकामी करून हवी होती, तेव्हा आम्ही दोघांनी तुमचं सामान आवरलं. शर्ट एका खोक्यात भरले. केतकी म्हणाली, कुणाला तरी उपयोगी पडतील. मी इतक्या जोरात नाही म्हणालो की ती दचकली. खोकं आमच्या तळघरात आहे.

परवा मी रजा टाकली आणि सानिकाला शाळेनंतर घेऊन चौकात गेलो. तुमचं पातेलं यंदा दुसऱ्या कुणी ढवळत होतं. शनिवारची तमिळ शाळा चालवणारे तुमचे मास्तर तिथे होते. त्यांनी मला जवळ बोलावलं, हातात नावांची यादी आणि पेन दिलं. म्हणाले, "हेर माने, परमेश्वरीचं नाव तुम्ही लिहा. आणि मी म्हणतो, खाली त्या मुलाचंही लिहा. आई होती तोवर आम्ही कुणी बोललो नाही. आता आई गेली. आता कुणाला दुखायचं राहिलंय? दोघांचे दिवे शेजारी लावू."

ते प्रेमानंच म्हणत होते. आणि पुन्हा माझ्या हातात पेन होतं, समोर रिकामी ओळ होती, आणि तुम्ही नव्हतात. मी म्हटलं, "नको. तो बेपत्ता आहे."

मास्तरांनी विचारलं, "तिनं तुम्हाला सांगितलं होतं?"

"काय?"

त्यांनी मला बाजूला नेलं. शेवटच्या दिवशी सैनिकांच्या टेबलापुढच्या रांगेत तेही होते, तुमच्या मागे चौथे. लाउडस्पीकरवर सांगत होते की जो कुणी एक दिवस जरी लढणाऱ्यांबरोबर होता त्यानं नाव द्यावं, चौकशी करून सोडून देऊ. निमलनला त्या लढणाऱ्यांनी दोन महिने जबरदस्तीनं नेलं होतं, खंदक खणायला. तो नाव द्यायला तयार नव्हता. तुमच्या पाठीमागे लपत होता, एवढा उंच मुलगा. तुम्हीच त्याचा हात धरून त्याला टेबलापाशी नेलंत. म्हणालात, खरं सांगितलं की सुटशील. "तिला वाटलं ती त्याला वाचवतेय," मास्तर म्हणाले. "आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. मी माझ्या भावाला पाठवलं."

अक्का, हे तुम्ही मला कधीच का नाही सांगितलंत? सांगितलं असतंत तर... नाही, खोटं कशाला बोलू. सांगितलं असतंत तरी मी फॉर्म तसाच भरला असता, तेव्हा मी तसाच होतो. पण तुम्ही मनातून जाणताच, असं तुमच्या तोंडावर बोलायला माझी जीभ रेटली नसती. मी काय बोललो ते मला परवा कळलं. त्या चौकात, लोकांच्या मधे, मी मास्तरांचा हात धरून रडलो. ते म्हातारे गृहस्थ माझी पाठ थोपटत राहिले. त्यांच्या भावाचा दिवा समोर लागलेला होता.

मी यादीत एकच नाव लिहिलं. दिवा लावला. समोर होता तुमचा तो पासपोर्टसाठी काढलेला फोटो, ज्यात तुम्ही फोटोग्राफरवर रागावलेल्या दिसता. सानिकानं नावं नीट ऐकली. एस-बानच्या लोकलमधून परतताना मग म्हणाली, "उन्ड वेअर वार्टेट येट्स्ट आउफ निमलन?" आता निमलनची वाट कोण बघणार, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. अकरा वर्षांच्या मुलीचा सरळ प्रश्न.

घरी आल्यावर तुमचा ब्रीफकास्टन, म्हणजे टपालाचा डबा, उघडला. त्यात बेपत्ता माणसांचा शोध घेणाऱ्या संस्थेचं पत्र होतं. असं पत्र तुम्हाला दर वर्षी यायचं हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे न आणता तुम्ही हा एक फॉर्म इतकी वर्षं स्वतः भरत होतात. नवीन माहिती नाही, शोध चालू ठेवायचा का? ठेवायचा असल्यास सही करून महिनाअखेर परत पाठवा. खाली बारीक अक्षरांत होतं की अर्जदार हयात नसल्यास जवळच्या नातेवाइकानं सही करावी, अन्यथा शोध बंद करण्यात येईल. आणि एक रकाना, बेपत्ता व्यक्तीशी आपलं नातं.

केतकी म्हणाली, "शेजारी म्हणून लिही. खरं तेच."

"शेजारी चालत नाही. नातेवाईकच लागतो."

"मग परत खोटं लिहिणार तू?" ती रागावून म्हणाली नाही, घाबरून म्हणाली. मग जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला. "या वेळी विचारल्याशिवाय लिहू नकोस."

आता तो फॉर्म माझ्यासमोर आहे. बाकी सगळं भरून झालंय. पत्ता माझा दिलाय, म्हणजे निमलनबद्दल काही आलं तर या घरी येईल. तेवढा एक रकाना कोरा आहे. त्यात मला 'आईचा भाऊ' असं लिहायचंय. नऊ वर्षं तुम्ही मला तंबी म्हणालात. शेवटचे दोन महिने नाही म्हणालात. यातलं कुठलं धरायचं ते मला ठरवता येत नाहीये, आणि माझं मी ठरवायचंही नाहीये. पेन खाली ठेवलंय.

लिहू का, अक्का?